जनरल रजिस्टर उघडा

मुंबईतल्या मराठी शाळांची शंभरी आता एकामागून एक भरते आहे. गिरगावातली आर्यन एज्युकेशन सोसायटी १८९७ सालची, दादरची इंडियन एज्युकेशन सोसायटी १९१७ची. लोकमान्य टिळक गेले १९२० साली आणि पुढच्याच वर्षी पार्ल्यात त्यांच्या नावाचं विद्यालय सुरू झालं. शंभरी भरली की महोत्सव येतो, महोत्सव आला की समिती येते, आणि समिती आली की स्मरणिका काढावीच लागते. मला या स्मरणिका गोळा करायचा नाद आहे. रद्दीवाल्याकडेसुद्धा त्या मिळतात, आणि तिथे मिळाव्यात यातच बरंच काही आलं.

बऱ्याच चाळल्यावर एवढं नक्की म्हणता येतं की एकीचं मुखपृष्ठ काढून दुसरीला लावलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही. सुरुवातीला मंत्रिमहोदयांचे शुभसंदेश. मग संस्थापकांचा पगडीतला फोटो. आजवरच्या मुख्याध्यापकांची यादी, सालवार. बोर्डात आलेल्यांची यादी, तीही सालवार. त्यानंतर एक नट, एक उद्योजक आणि एक परदेशस्थ डॉक्टर यांचे 'शाळेने मला काय दिले' या विषयावरचे लेख. त्यांत अमुक सरांची छडी आणि तमुक बाईंची माया ठरलेली. उरलेली निम्मी पानं सराफ, क्लासेस आणि सहकारी बँकांच्या जाहिरातींची. संस्कार, शिस्त, गुणवत्ता हे तीन शब्द सगळीकडे. 'उज्ज्वल परंपरा' हा शब्दप्रयोग नसलेली एकही स्मरणिका मला अजून सापडलेली नाही.

यात खोटं काही नसतं. पण ज्या शाळेत शंभर वर्षांत हजारो मुलं येऊन गेली, तिचा इतिहास पहिल्या पाचांत आलेल्यांचा आणि पुढे नावारूपाला आलेल्यांचाच असेल, तर बाकीच्यांनी तिथे नुसती फी भरली म्हणायची. सरकारी अनुदानावर, वस्तीच्या वर्गणीवर आणि म्युन्सिपाल्टीच्या पैशावर चाललेल्या शाळेला असा इतिहास शोभत नाही. तिचा खरा इतिहास लिहायचा तर साधन हाताशी आहे, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. त्याचं नाव जनरल रजिस्टर. ते आज फक्त दाखल्यापुरतं उघडलं जातं. ते इतिहासासाठीही उघडावं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तेवढंसुद्धा लोकांना पचत नाही हे अनुभवाने सांगतो.

ज्यांनी जनरल रजिस्टर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. लांबरुंद वही, कापडी पाठीची, उघडायची तर टेबलावरचं सगळं बाजूला सारावं लागतं. एका मुलाला एक ओळ, आणि ती ओळ समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली. डावीकडे रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख (अंकी आणि अक्षरी), आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता. उजवीकडे प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. वर्तणुकीच्या रकान्यात वर्षानुवर्षं 'चांगली' आणि प्रगतीच्या रकान्यात 'समाधानकारक'. वर्ग डोक्यावर घेणारे आणि कधी तोंड न उघडणारे, दोघांनाही इथे एकच माप.

मध्यंतरी एका नातेवाइकाच्या दुय्यम दाखल्यासाठी मध्य मुंबईतल्या एका जुन्या शाळेच्या खिडकीशी उभा होतो. क्लार्क बाईंनी विचारलं, "साल कुठलं सांगताय, घातल्याचं की काढल्याचं?" मग त्यांनी शिपायाकडून तीन वह्या काढवल्या, लाल फडक्यात बांधलेल्या. पान उलटताना त्या खालून फूटपट्टी सरकवत होत्या, कारण बोटांनी उचललं की कागदाचा तुकडा हातात यायचा. कधीतरी कुणीतरी भल्या मनाने फाटलेल्या पानांना सेलोटेप लावून ठेवला होता. तो आता तपकिरी झालाय आणि त्याच्याखालची शाई विरत चाललीय. नाव सापडेपर्यंत मी उलट्या बाजूने सोडण्याच्या कारणांचा रकाना वाचत होतो. 'गावी गेल्यामुळे'. 'फी थकल्याने नाव कमी'. 'पालकांची बदली'. 'गावी गेल्यामुळे'. 'लग्न'. 'मयत'. पुन्हा 'गावी गेल्यामुळे'. प्रत्येक कारण दोन-तीन शब्दांचं. त्याच शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका माझ्याकडे आहे. तिच्यात यातला एकही मुलगा नाही, एकही मुलगी नाही.

आता कुणी म्हणेल, गळालेल्या मुलांची यादी काढून शाळेची काय शोभा वाढणार? त्याला उत्तर म्हणून मुंबईतल्याच एका शाळेची गोष्ट सांगतो.

धोबीतलावजवळचं एल्फिन्स्टन हायस्कूल हे या शहरातल्या सरकारी शाळांमधलं मानाचं नाव. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनची फोड होऊन १८५६ साली कॉलेज आणि हायस्कूल वेगळे झाले. या शाळेतून १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकी २८२. गुणवंतांच्या फलकावर हे नाव कुठल्याही हिशेबाने बसलं नसतं. आज त्या शाळेचं नाव देशभर निघतं ते मात्र याच एका मुलामुळे, फलकावर झळकलेल्या कुणामुळे नव्हे. म्हणजे गुणानुक्रमाची चाळणी इतिहासासाठी किती कुचकामी आहे ते शाळेच्या स्वतःच्या उदाहरणावरून दिसतं.

आणि त्या २८२ गुणांच्या मागचं वर्गातलं चित्रही ठाऊक आहे. गणिताच्या मास्तरांनी फळ्यापाशी बोलावलं तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या पोरांनी धावत जाऊन ते आधी हलवले. संस्कृत शिकायची इच्छा असून शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. ही सरकारी शाळा होती, कुठल्या मठातली पाठशाळा नव्हे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१२मध्ये, चिंतामणराव देशमुख मुंबई विद्यापीठाच्या त्याच मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. देशमुखांच्या विद्वत्तेला याने उणेपणा येत नाही, तो माणूस कुठल्याही रांगेत पहिला आला असता. पण रांगेत कुणाला उभंच राहू दिलं नव्हतं हे सोडून देऊन नुसती पहिल्यांची यादी छापायची, ही आपल्या शाळांची इतिहास लिहायची पद्धत आहे.

मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या सत्काराची सभा झाली ती सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. या सभेतले बोले मात्र आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. महाडचं चवदार तळं याच ठरावाच्या आधाराने पुढे आलं, म्हणून पाणवठा लक्षात राहिला. त्याच वाक्यातली शाळा मागे पडली.

वास्तविक शाळेचा प्रश्न बोल्यांच्याही कितीतरी आधीचा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला मुंबई सरकारने दाद दिली नाही. दोन वर्षांनी, १८५८मध्ये, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचं जाहीर झालं. तरीही १९०७पर्यंत मुंबईतल्या सरकारी हायस्कुलात डबे हलत होते आणि १९२३मध्ये बोल्यांना नवा ठराव आणावा लागत होता. कागदावर दार उघडलं आणि प्रत्यक्षात उघडलं, यांत किती वर्षं गेली हे प्रत्येक शाळेपुरतं वेगळं असणार. ते कळायचा एकच मार्ग आहे: वही उघडून ओळी मोजणं. आपल्या शाळेत दलित वस्तीतला पहिला मुलगा कुठल्या साली आला, किती इयत्ता टिकला, का गेला? शंभर वर्षं पुरी करणाऱ्या संस्थेला हे सांगता येऊ नये?

मुलींचंही तसंच. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि नाना शंकरशेठांनी त्यांना आसरा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण ज्या शाळा मुलांच्या म्हणून निघाल्या आणि नंतर मिश्र झाल्या, तिथे पहिली मुलगी कधी आली आणि तिच्यापुढच्या ओळीवर दुसरी यायला किती काळ लागला? जुन्या वह्यांत आईच्या नावाला रकानाच नसायचा, ही त्या वह्यांनी न लिहून सांगितलेली गोष्ट. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचा सरकारचा निर्णय झाला आहे. ही मुलं शाळेत येतील तेव्हा नव्या वहीतली एक ओळ वाचायला जुन्या वहीपेक्षा जरा जास्त वेळ लागेल, आणि लागू दे.

गंमत म्हणजे जनरल रजिस्टरचं मोल कुणाला कळत नाही असंही नाही. जातपडताळणीला गेलेल्या प्रत्येक घराला ते कळतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. आजोबांचा शाळेचा उतारा मिळाला तर अर्धी लढाई जिंकली. सप्टेंबर २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर शाळांच्या प्रवेश-निर्गम वह्या, जनरल रजिस्टरं बाहेर निघाली. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली कपाटं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, पानांचे फोटो निघाले. सरकारने मनावर घेतलं की हे होतं, हे त्या महिन्यांत आपण पाहिलं. फक्त त्यासाठी आरक्षणाचा प्रश्न पेटावा लागला, आणि शोध एकाच रकान्याचा झाला. शेजारच्या रकान्यात जन्मस्थळ होतं, त्याच्या पलीकडे शाळा सोडल्याचं कारण होतं. त्यांच्यावरून बोट तसंच पुढे गेलं.

एका वहीतल्या एका ओळीने काय होऊ शकतं तेही याच राज्यात दिसलंय. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. शाळेने ते पान जपलं. त्यावरून २०१७पासून ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पान उंदरांनी खाल्लं असतं तर हा दिवस नसता.

इथे वहीची आरती ओवाळायचा माझा बेत नाही. जनरल रजिस्टर खोटंही बोलतं, आणि भरपूर बोलतं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. आईला जन्माचा महिना 'दिवाळीच्या आसपास' एवढाच आठवत होता आणि मास्तरांना सहा वर्षं पूर्ण करून हवी होती, म्हणून. आडनावं मास्तरांच्या कानाला जशी ऐकू आली तशी उतरली. आणि अलीकडचं सांगायचं तर ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत, वर्गात कधी न आलेली मुलं हजेरीपटावर कशी सुखाने नांदत होती ते राज्याने पाहिलं. पट तिथे पैसा असतो, शिक्षकांची पदं असतात, म्हणून वहीत मुलं जन्माला घातली जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला याची धास्ती वाटायचं कारण नाही. खोट्या नोंदीमागेही कुणाची तरी गरज असते आणि तीही मोजता येते. स्मरणिकेतलं 'उज्ज्वल' मात्र कशानेच मोजता येत नाही.

मुंबईतल्या शाळांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त ओढ आहे ती गिरणगावातल्या वह्यांची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. संपाबद्दल युनियनच्या बाजूने लिहिलं गेलं, मालकांच्या बाजूने लिहिलं गेलं, गिरण्यांच्या जमिनीबद्दल तर अजून लिहिलं जातंय. पण त्या वर्षी जूनमध्ये लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोडच्या शाळांत नवीन नावं किती घातली गेली? दिवाळीनंतर 'गावी गेल्यामुळे' किती काढली गेली? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा यांपैकी कुठल्या गावी? त्यांतली किती पुढच्या जूनला परतली? एकाच मुलाचं नाव दोनदा आलं असेल तर दोन ओळींमधलं अंतर म्हणजे त्या घराने गावी काढलेला काळ. नववीतल्या मुलाची ओळ मध्येच तुटून पुढे कारणाचा रकाना कोराच राहिला असेल, तर त्या कोऱ्या जागेलाही अर्थ आहे. चार शाळांच्या पाच वर्षांच्या वह्या घेऊन बसलं तर संपाचा असा हिशेब हाती येईल जो कुठल्याही भाषणात सापडायचा नाही. शाळेत बोर्डात कोण आलं ते या वर्षांपुरतं बाजूला ठेवायला हरकत नाही.

याच भागात रात्रशाळा आहेत. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. तेव्हापासून दिवसा काम करून संध्याकाळी शाळेत येणाऱ्यांची या शहरात एक वेगळीच परंपरा आहे. बाकं तीच, फळा तोच, दिव्याचं बिल वेगळं. दिवसाच्या शाळेचा महोत्सव होतो तेव्हा त्याच इमारतीतल्या रात्रशाळेला पत्रिका जाते ती पाहुणे म्हणून. शाळेची परंपरा म्हणून जर काही सांगायचंच असेल तर मी खानावळीत ताटं उचलून साडेसहाच्या तासाला धावत येणाऱ्यांपासून सुरुवात करीन.

परंपरेवरून आठवलं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४पासून 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकं केली आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात 'छबिलदास चळवळ' हे नाव कायमचं नोंदलं गेलं. शाळेने उज्ज्वल परंपरा निर्माण करायची असा ठराव करून हे झालेलं नाही. शाळा सुटल्यावर हॉल रिकामा असतो, तो वापरू द्यायचा, एवढ्या सरळ हिशेबातून झालं. (गल्लीतल्या बटाटेवड्याचाही त्यात थोडा हात असणार, पण त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.) सार्वजनिक शाळेने आपलं दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवलं की काय होतं, त्याचा याहून चांगला दाखला मुंबईत नाही.

शाळेची नोंद सगळ्यांची ठेवली तर ती किती रंगते हे पाहायचं असेल तर क्रिकेटकडे पाहा. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हे आकडे आपल्या तोंडपाठ आहेत. पण स्कोअरबुक हे प्रामाणिक पुस्तक असतं. त्यात मार खाणाऱ्या सेंट झेवियर्सच्या बोलरांचीही षटकं चेंडूगणिक लिहिलेली असतात. त्या दमलेल्या बोलरांपैकी एक सैराज बहुतुले, जो पुढे स्वतः भारताकडून खेळला. फक्त फलंदाजांची स्मरणिका काढली असती तर तो आपल्याला दिसलाच नसता.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतात ते ऐकण्यासारखे असतात. पहिला खासगीपणाचा, आणि तो खरा आहे. वहीत जात आहे, बापाचा धंदा असू शकतो, फी थकल्याची नोंद आहे. कुणाच्या आजोबांचं नाव 'फी थकल्याने कमी' झालं हे चव्हाट्यावर आणायचा हक्क कुणालाही नाही. म्हणून नावं नकोतच. नावाचा रकाना झाका आणि बाकीचे मोजा. पंचाहत्तर वर्षांहून जुनी पानं अभ्यासकांना अर्ज केल्यावर पाहू द्या, त्यापुढची फक्त आकड्यांत द्या. हा नियम करायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आणि खासगीपणाची चिंता असलेल्या संस्थांनी आधी आपली कपाटं बघावीत. बऱ्याच ठिकाणी ती जिन्याखाली असतात आणि त्यांना कुलूप नसतं.

दुसरा आक्षेप वेळेचा. क्लार्कला 'सरल' आणि 'यू-डायस' या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरायची आहे, आधार जुळवायचं आहे, पोषण आहाराचा हिशेब आहे, त्यात निवडणुकीची ड्युटी. हेही खरं आहे, आणि म्हणून हे काम क्लार्कच्या गळ्यात मारू नये. माजी विद्यार्थी संघ कशासाठी असतात? दर वर्षी एकत्र जेवायचं, शाळेला एक वॉटर कूलर द्यायचा आणि त्यावर बॅचचं नाव कोरायचं, याच्या पुढे जायला काय हरकत आहे? वही सपाट ठेवायला एक चौकट, वरून फोटो काढणारा एक साधा कॅमेरा, दोन रविवारांची मेहनत घेणारी चार माणसं, आणि सेलोटेप काढून कागद सांभाळणाऱ्या जाणकाराची फी. महोत्सवाच्या मांडवापेक्षा हे स्वस्तात पडतं. मूळ वही शाळेत, तिची एक प्रत राज्याच्या पुराभिलेखाकडे. हे दप्तर काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कंपनी सरकारच्या काळातले कागद तिथे जपले आहेत, तिथे परळच्या शाळेच्या वहीलाही जागा मिळायला हवी.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, बैठकीत चहा येईपर्यंत नुसता घुटमळतो. 'जुनं कशाला उकरायचं? संस्थापकांनी तेव्हाच्या काळात जे केलं ते केलं.' या म्हणण्यामागची भीती मला समजते. वही उघडली तर कदाचित दिसेल की 'सर्वांसाठी' म्हणून वर्गणी गोळा केलेल्या शाळेत कितीतरी वर्षं ठरावीक आळ्यांतलीच मुलं होती. दिसू दे की. त्याच वहीत हेही दिसेल की पुढे कधीतरी ते बदललं, कुणीतरी मुख्याध्यापकाने एका जूनमध्ये एका नव्या आडनावाला ओळ दिली आणि संस्थेत त्यावर कुरबुर झाली असणार. त्या मुख्याध्यापकाचा फोटो यादीत आहेच. त्याने काय केलं ते मात्र फोटोखाली लिहिलेलं नाही. खरी उज्ज्वल परंपरा तिथे असेल तर तुम्ही ती स्वतःच दडवून ठेवली आहे.

आणि घाई आहे. मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग रोडावताहेत. म्युन्सिपाल्टीच्या शाळा एकमेकींत विलीन होतात, खासगी अनुदानित शाळांचे तुकडी-तुकडीने दिवे मालवतात, त्याच इमारतीत त्याच संस्थेची इंग्रजी शाळा जोमात चालते. तो वेगळा वाद आहे आणि त्यावर बरंच बोलून झालंय. पण शाळा बंद होते तेव्हा तिच्या वह्या जातात कुठे, यावर कुणी बोलत नाही. शेजारच्या शाळेत, शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात, की पुनर्विकासाच्या डंपरमध्ये? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा उपनगरांत तळमजल्यांवर काय काय भिजलं ते आपण पाहिलंय. शाळांची ऑफिसं बहुतेक तळमजल्यावरच असतात. बंद शाळेच्या माजी विद्यार्थ्याला दाखला हवा असला की तो या दारातून त्या दारात फिरतो, आणि शाळेचा इतिहास हवा असणाऱ्याने तर कुठल्या दारात जायचं हेच ठरलेलं नाही. शाळा बंद करायच्या आदेशातच वह्या कुठे, कुणाच्या ताब्यात, प्रत कुणाकडे हे लिहिण्याची सक्ती हवी. कुठली शाळा बंद करायची यावर भांडणं होतील, पण या सक्तीला कुणाचा विरोध असायचं कारण नाही.

तोवर जी शाळा चालू आहे तिला आजही करता येईल अशी एक गोष्ट आहे. नववीच्या गणितात सांख्यिकी असते. वारंवारता सारणी काढायला पुस्तकात कुणाच्या तरी उंचीचे, कुणाच्या तरी गुणांचे आकडे दिलेले असतात. त्याऐवजी आपल्याच शाळेच्या जुन्या वहीतल्या एका जूनची नावं झाकून काढलेली प्रत मुलांपुढे ठेवा. जन्मस्थळाच्या रकान्यात राजापूर किती, कुडाळ किती, जुन्नर किती, मुंबई किती? वय दहाच्या आतलं किती, पंधराच्या पुढचं किती? दोन वर्षांच्या आत किती ओळी बंद झाल्या आणि कारण काय लिहिलंय? एका तासिकेत होतं. मूळ वही मात्र वर्गात नेऊ नका, आणि प्रत काढून झाल्यावर ती कपाटात परत गेल्याची क्लार्कची सही घेऊन ठेवा.